तो जे बोललाच नाही

खांब्या हे नाव त्याच्या ताईनं ठेवलेलं. चौदाव्या वर्षी तो असा काही सुटला, की शाळेची पँट पोटऱ्यांवर आली आणि दारातून वाकून जायची सवय लागेपर्यंत कपाळावर कायम एखादं टेंगूळ असायचं. गल्लीतल्या पोरांनी त्याला फुटबॉलला घेतलं तेही उंची बघूनच. पायात त्याच्या काही जादू नव्हती. पण गोलसमोर उभा केला की चेंडू त्याला चुकवून पलीकडे जायचा नाही, आणि चेंडू गेलाच तर त्याच्यामागचा माणूस जायचा नाही. या एवढ्याच भांडवलावर तो एका कारखान्याच्या टीममध्ये गेला, तिथून एका बऱ्यापैकी क्लबात, आणि मग बॅगा भरून परदेशात.

ही गोष्ट घडली तेव्हा तो चौतिशीत होता आणि घर सोडल्यापासूनच्या चौथ्या देशात खेळत होता. पहिल्या देशात थंडीनं मैदान फरशीसारखं व्हायचं आणि घसरून पडलं की मांडीची साल निघायची. दुसऱ्यात त्याची बायको त्याच्याकडे राहायला आली आणि तिथंच मुलगी झाली. तिसऱ्यात तो सगळ्यांत जास्त टिकला. प्रत्येक ठिकाणी घर दुसऱ्याचं, सोफा दुसऱ्याचा, भिंतीवरची चित्रंही दुसऱ्याची. दोन खोकी तर अशी होती, की ती पहिल्या देशापासून न उघडता नुसतीच हलत होती.

बचावपटूचं काम कसलं, हे त्याची बायको छान सांगायची. "घरकामासारखं. केलं तर कुणाच्या नजरेत येत नाही, राहिलं तर अख्ख्या गावाला दिसतं." खांब्याला हे पटायचं. गोल करणाऱ्याच्या नावाची गाणी व्हायची. त्याच्या नावानं कुणी कधी गायलं नाही, आणि त्याला त्याचं वाईटही वाटलं नाही. त्याला आतून एकाच गोष्टीचा अभिमान होता: तो कधी चूक दुसऱ्यावर ढकलत नाही, असं जिथं तिथं त्याच्याबद्दल म्हटलं जायचं.

भाषा मात्र त्यानं कुठलीच धड शिकली नाही. मैदानावर दहा-बारा शब्दांत भागतं. घे, सोड, मागे माणूस, पुढे सरक, वेळ आहे, वेळ नाही. नव्या देशात गेला की पहिल्या आठवड्यात एवढं घोटून घ्यायचं, की झालं. तिसऱ्या देशात जरा जास्त राहिल्यामुळे तिथली अर्धीमुर्धी येत होती, तेवढीच. बाकीचं बोलायला पोपट होता.

पोपट म्हणजे त्याची मुलगी. अकरा वर्षांची, दोन वेण्या, आणि तोंडाला क्षणाची उसंत नाही. नव्या शाळेत घातलं की दिवाळं निघाल्यासारखी महिनाभर गप्प बसायची आणि मग एके दिवशी त्या भाषेत भांडतच घरी यायची. घरमालक गळक्या नळाचं बघायला आला, तर हिनं त्याच्याशी असा काही वाद घातला की तो नळ तर बदलून गेलाच, वर खोलीला रंगही लावून देतो म्हणाला. बँकेत पोपट, दवाखान्यात पोपट, क्लबाच्या जेवणावळीत अध्यक्षांच्या शेजारी पोपट. "आमचा मंत्री," खांब्या कौतुकानं म्हणायचा. आपल्यापेक्षा दोन फूट खाली असलेल्या पोरीच्या तोंडाकडे बघत आपण उभे असतो, हे त्याला कधी खटकलं नाही. निदान तेव्हा तरी नाही.

त्या मोसमात क्लबाची अवस्था वाईट होती. शेवटचा सामना घरच्या मैदानावर होता, आणि बरोबरी झाली तरी वरच्या गटातली जागा राहणार होती. हरलो तर खाली. स्टेडियम छोटं, गोलच्या मागच्या बाजूला खेळाडूंच्या घरच्यांसाठी बाकं. पोपट आणि तिची आई तिथंच बसायच्या, इतक्या जवळ की गोलीनं थुंकलं तरी कळावं.

गोली, म्हणजे गोलकीपर, याच गावचा पोरगा, वीस-एकवीसचा. चांगला होता, पण अजून बुजरा. चूक होण्याआधीच माफी मागितल्यासारखा चेहरा असायचा. खांब्याच्या आणि त्याच्या बोलण्यात ते दहा-बारा शब्दच होते, पण आतापर्यंत त्यांचं छान जमलं होतं.

सामना संपत आला तेव्हा गोलशून्य बरोबरी होती. उजवीकडून एक उंच चेंडू गोलसमोर आला. काही विशेष नाही, असले चेंडू खांब्यानं आयुष्यात हजारो परतवले होते. गोली पुढे धावत आला आणि जोरात ओरडला. खांब्यानं हाक ऐकली. त्याला वाटलं, तो 'घे' म्हणतोय. त्यानं उडी मारली आणि डोकं लावलं. चेंडू गोलीच्या हातांवरून गेला आणि दोन टप्पे घेऊन आपल्याच जाळीत जाऊन बसला.

जमिनीवर पाय टेकेपर्यंत खांब्याच्या लक्षात आलं होतं. ज्या आवाजाचा शब्द तिसऱ्या देशात 'घे' असा होता, तोच इथं 'सोड' असा होता. वर्षभर तो हे नीट पाळत आला होता, आणि नेमक्या त्या क्षणी, दमलेल्या डोक्यात, जुनी भाषा वर आली. गोली तोंड उघडं टाकून त्याच्याकडे बघत होता. बाकांवर कुणी ओरडलं नाही. नुसता एक सुस्कारा आला, मोठ्या गर्दीचा.

सामना गेला. क्लब खालच्या गटात गेला.

ड्रेसिंग रूममध्ये कोच आला तो दार आपटूनच. एरवी खांब्याला सगळं समजावून सांगायला क्लबातला मालिशवाला असायचा. त्यानं काही वर्षं तिसऱ्या देशात काढली होती, त्यामुळे त्यांचं त्या अर्ध्यामुर्ध्या भाषेत चालायचं. पण सामन्यात एका खेळाडूचं मनगट मोडलं होतं आणि मालिशवाला त्याच्याबरोबर हॉस्पिटलात गेला होता. कोच खांब्यासमोर येऊन उभा राहिला. त्यानं गोलीकडे हात केला, मग स्वतःच्या तोंडाशी हात नेला, आणि भुवया उंचावल्या. ह्यानं हाक दिली होती का?

हे समजायला कसली भाषा लागते?

खांब्याचे बूट अजून पायात होते. समोर सगळे बसलेले, कुणाच्या डोक्यावर टॉवेल, कुणाच्या डोळ्यांत पाणी. क्लबाशी त्याचा करार त्याच महिन्यात संपत होता. चौतिशीतल्या बचावपटूला, ज्यानं स्वतःच्याच गोलात चेंडू घातलाय, नवा करार कोण देतं? हे सगळं त्याच्या डोक्यात आलं, की काहीच आलं नाही, हे त्याला नंतर कितीही आठवून नीट सांगता आलं नसतं. त्यानं मान हलवली. नाही. मग गोलीकडे बोट केलं, ओठांवर हात ठेवला आणि तो हात हवेत झटकला. गप्प होता. आवाजच नाही.

गोली उठून उभा राहिला, काहीतरी बोलायला लागला. कोचनं त्याला बोलू दिलं नाही. जे काही कोच त्याला बोलला त्यातला एक शब्द खांब्याला कळला नाही, पण गोली खाली बसला तो भिंतीकडे तोंड करून. खांब्या बुटाच्या नाड्या सोडत राहिला. गाठ सुटता सुटेना.

बाहेर पडायच्या बोळात पोपट त्याची वाट बघत उभी होती. तिथंच गावातल्या टीव्हीचा एक बातमीदार माईक घेऊन आडवा आला. पोपटला तो ओळखत होता. त्यानं तिलाच विचारलं.

"बाबा, तो विचारतोय शेवटी काय झालं?"

"सांग, आज काही बोलायचं नाही. दमलोय म्हणावं."

पोपटनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माईककडे. मग ती बोलायला लागली. बरंच बोलली. या भाषेत नुसता नकार द्यायला पण किती बोलावं लागतं, असं खांब्याच्या मनात आलं. बातमीदारानं त्याच्याकडे वेगळ्याच नजरेनं पाहिलं, मान लववली आणि बाजूला झाला.

दुसऱ्या दिवशी तो पाव आणायला गेला. दुकानदार त्याला वर्षभर नुसता सुटे पैसे परत देत आला होता. आज तो काउंटरमागून बाहेर आला आणि त्यानं खांब्याचा हात दोन्ही हातांत घेतला. रस्त्यावर एका म्हाताऱ्यानं टोपी काढली. खांब्याला वाटलं, हे चेष्टा करताहेत. क्लबात लॉकर रिकामा करायला गेला तर गोली दारातच उभा. पोरगं पुढं आलं आणि त्यानं खांब्याला मिठी मारली. डोकं खांब्याच्या छातीपर्यंतच पोचत होतं. त्याचे खांदे हलत होते. खांब्यानं घाबरत घाबरत त्याच्या पाठीवर हात ठेवला.

मग मालिशवाल्यानं त्याला बाजूला घेतलं आणि मोबाईलवर ती मुलाखत लावून दिली. "काल तू मोठंच काम केलंस," तो म्हणाला, आणि एकेक वाक्य थांबवून सांगायला लागला. पडद्यावर पोपट होती, मागे छातीपर्यंतचा खांब्या, डोकं चौकटीच्या बाहेर. पोपट म्हणत होती: "माझे बाबा म्हणतात, गोलीनं हाक दिली होती. तो 'सोड' म्हणाला. बाबांना इथली भाषा येत नाही, म्हणून त्यांना दुसरंच ऐकू आलं. चूक त्यांची आहे, त्याची नाही. आणि त्यांना गावातल्या सगळ्यांची माफी मागायचीय."

"ड्रेसिंग रूममध्ये रागाच्या भरात माणूस काहीही बोलतो," मालिशवाला म्हणाला. "पण बाहेर येऊन कॅमेऱ्यासमोर परत घेणं, हे कुणाला जमत नाही. कोचनं गोलीला फोन केला रात्री. त्याला काढणार होता तो."

खांब्याला कानापर्यंत गरम झालं. कुणीतरी सगळ्यांसमोर थोबाडीत दिली असती तर बरं वाटलं असतं.

घरी पोपट जेवणाच्या टेबलावर नकाशात रंग भरत बसली होती.

"काल तू टीव्हीवाल्याला काय सांगितलंस?"

"खरं ते." तिनं मान वर केली नाही. "मी ऐकलं ना, मागेच बसले होते. तो 'सोड' म्हणाला. मला लगेच कळलं तुझं काय झालं ते. इथं आले तेव्हा माझं पण तसंच झालेलं. एक मुलगी म्हणाली, माझी पेन्सिल सोड, आणि मी घेऊन बसले."

"पण मी तसं म्हटलं नव्हतं."

"तू दमला होतास." आता तिनं वर पाहिलं. "पण तुला बोलता आलं असतं तर तू हेच म्हणाला असतास ना? सगळे त्या गोलीला बोलले असते रे, बाबा. तू काय तसं होऊ दिलं असतंस?"

खांब्या म्हणाला, "नाही."

एवढा एक शब्द बोलून तो बाथरूममध्ये गेला आणि नळ सोडून टबाच्या कडेवर बसून राहिला. पोरीला ड्रेसिंग रूममधलं काही माहीत नव्हतं. तिनं खोटं सांगितलं होतं ते तिच्या लेखी खोटं नव्हतंच. तिला आपला बाप माहीत होता, आणि त्या माहीत असलेल्या बापाच्या वतीनं ती बोलली होती. तो माणूस तर बोळात तिच्या शेजारी उभाच नव्हता.

पुढचे काही दिवस त्याच्यासाठी विचित्रच गेले. गावच्या पेपरात त्याचा फोटो आला. क्लबाच्या अध्यक्षांनी बोलावून हात मिळवला. आणखी एका वर्षाचा करार देण्याचं घाटत होतं. खालच्या गटात नव्या पोरांना असा माणूस हवा, असं कोच म्हणत होता म्हणे. पोपटच्या शाळेनं मुलांसमोर दोन शब्द बोलायला बोलावलं, ते त्यानं गुडघ्याचं निमित्त करून टाळलं. बायकोनं पेपरातलं कात्रण कापून ताईला पाठवायला ठेवलं. ते कपाटावर दिसलं की तो दुसऱ्या खोलीत जायचा.

"तुम्हाला कौतुक सोसत नाही," बायको हसून म्हणाली. "आयुष्यात पहिल्यांदा कुणी तुमचं नाव घेतंय, तर तोंड लपवताय."

रविवारी दुपारी गोली आणि त्याची आई घरी आले. आई गावातली बस चालवायची. दणकट बाई, बोलणं कमी. तिनं स्वतः केलेला केक आणला होता, अजून कोमट. खांब्याच्या बायकोनं घाईघाईनं सोफ्यावरचे कपडे आत टाकले, कॉफी केली. पोपट मध्ये बसली, दोन्हीकडचं इकडंतिकडं करायला.

गोली एकेक वाक्य बोलून थांबत होता. हे त्यानं घरी ठरवून आणलं असावं.

"तो म्हणतोय, त्या दिवशी त्याला वाटलं आता फुटबॉल पुरे," पोपट सांगत होती. "तो खोलीत दार लावून बसला होता. त्याच्या आईनं टीव्ही लावलेला. तिनं त्याला ओढत बाहेर आणलं आणि म्हणाली, हे बघ."

गोलीची आई मान हलवत होती. मग गोली पुढे बोलला, जरा जास्तच वेळ, आणि बोलताना त्यानं हात लांब करून बोट दाखवलं, मग ओठांवर हात ठेवला. खांब्याला ड्रेसिंग रूमचा शब्द कळला. 'तू' कळलं. 'खोटं' कळलं. शेवटी गोलीनं हसून छातीवर हात ठेवला.

पोपटचं तोंड उघडं होतं, पण त्यातून काही बाहेर येत नव्हतं. ती गोलीकडे बघत होती. खांब्याकडे तिनं पाहिलंच नाही.

"तो म्हणतोय, थँक यू."

"एवढं बोलला तो आणि नुसतं थँक यू?" बायको म्हणाली.

"हो."

खांब्याच्या लक्षात आलं, की ही आपल्याला आईपासून वाचवतेय. तिच्या हाताची बोटं फ्रॉकच्या शिवणीवर चालली होती. अकरा वर्षांची पोर, नुकतंच आपल्या बापाबद्दल तिला कळलं होतं ते, आणि ती पहिलं काय करतेय, तर त्याच्यावर पांघरूण घालतेय.

"पोपट," तो म्हणाला, "तो काय म्हणाला ते सगळं सांग."

"सांगितलं."

"सगळं."

"बाबा, नको ना."

"सांग."

मग तिनं धडा वाचून दाखवावा तसं, एका सुरात सांगितलं. "तो म्हणतोय, ड्रेसिंग रूममध्ये बाबानं त्याच्यावर ढकललं. त्यानं हाक दिलीच नाही असं कोचला दाखवलं. तेव्हा त्याला बाबाचा खूप राग आला. पण मग बाबा सगळ्यांसमोर खरं बोलला. म्हणून त्यानं माफ केलं."

बायकोच्या हातातली कपबशी वाजली.

"आता माझं सांग त्याला," खांब्या म्हणाला. "म्हणावं, टीव्हीवर मी काही बोललो नव्हतो. ते तू बोललीस. मला माहीतसुद्धा नव्हतं."

"मी नाही सांगणार."

"पोपट—"

"मी तुझं काहीच सांगणार नाही आता." ती उठली, आत गेली आणि तिनं दार लावलं. आपटलं नाही, नुसतं लावलं.

खोलीत राहिले चौघे, आणि मध्ये कुणी नाही. गोली गोंधळून हसत होता. खांब्यानं घसा खाकरला. त्याच्याकडे होते ते मैदानावरचे शब्द आणि इकडून तिकडून ऐकलेले थोडे. "टीव्ही," तो म्हणाला. "मी नाही. मुलगी."

"हो, हो," गोली म्हणाला, आणि बंद दाराकडे बघून अंगठा दाखवला. छान बोलते.

खांब्याचा कबुलीजबाब त्याला कौतुक वाटला होता! म्हणजे तो पुन्हा द्यायला हवा होता. घामानं त्याचा शर्ट पाठीला चिकटला. तो उभा राहिला, पुन्हा बसला. "तू ओरडलास," तो म्हणाला आणि तोंडाशी हात नेला. "मी ऐकलं." कानाला हात लावला. "कोच. मी म्हणालो, नाही. मला माहीत. मी खोटं. टीव्ही, मी एक शब्द नाही. मुलगी बोलली. मुलीला माहीत नव्हतं. मी, गप्प." एखाद्या शब्दाला त्यानं तिसऱ्या देशातला शब्द वापरला, तो त्यांना कळला नाही, मग तो हातांनी सांगितला. एवढा लांबलचक माणूस, आणि लहान मुलासारखा खाणाखुणा करत होता. बायको खिडकीकडे बघत होती.

आधी कळलं ते आईला. तिनं कप खाली ठेवला. गोलीच्या चेहऱ्यावरचं हसू मात्र एकदम गेलं नाही. थोडं थोडं करून गेलं, आणि खांब्याला ते सगळं बघावं लागलं. गोली उठला. जाताना त्यानं खांब्याच्या बायकोशी हात मिळवला. खांब्यानं हात पुढे केलाच नव्हता. दारात गोलीची आई वळली, खांब्याच्या डोळ्यांत बघून काहीतरी म्हणाली, एकच वाक्य, शांतपणे. ते त्याला कळलं नाही. विचारायला तिथं कुणी नव्हतं, आणि पुढेही त्याला ते कधी कळलं नाही.

"मला सांगायला काय झालं होतं तुम्हाला?" बायको म्हणाली. "आठवडाभर मी ते कात्रण नाचवतेय."

"तेच तर."

"तेच तर काय?"

तो कपबशा उचलायला लागला. तिनं केक डब्यात भरून ठेवला. कुणी खाल्ला नाही.

दुसऱ्या दिवशी मालिशवाल्याला बरोबर घेऊन तो कोचच्या खोलीत गेला. सगळं सांगितलं. मालिशवाला मध्येच थांबला, "हे मी सांगू? नक्की?" म्हणाला, आणि मग त्यानं सांगितलं. कोच बराच वेळ टेबलावरची शिट्टी फिरवत बसला.

"तो म्हणतोय," मालिशवाला खाली बघत म्हणाला, "अध्यक्षांची आज सही होणार आहे तुझ्या करारावर. गोलीला तर जागा परत मिळालीच आहे. तू आत्ता इथं आलाच नाहीस, असं धरून चालू का, विचारतोय."

खांब्याला वाटलं नव्हतं की अशी वाट समोर येईल. आणि त्याला त्याहून लाज वाटली ती याची, की क्षणभर ती वाट त्याला बरी वाटली. घर, शाळा, दोन खोकी. मग त्याच्या डोळ्यांसमोर फ्रॉकच्या शिवणीवर चालणारी ती बोटं आली. "आलो होतो म्हणावं," तो म्हणाला.

कोच चिडला. पोराला सगळ्या टीमसमोर वाट्टेल ते बोललो ते तुझ्या बोटामुळे, असं काहीसं तो म्हणाला. मालिशवाल्यानं त्यातलं निम्मंच सांगितलं, पण या वेळी खांब्याला उरलेलं निम्मंही कळलं. करार झाला नाही. गावात बातमी पसरायला चार दिवस पुरले. पाववाला पुन्हा नुसते सुटे पैसे द्यायला लागला.

बायकोला वाटत होतं, आता आपल्या घरी परत जावं. पण पोपटची शाळा पुन्हा मोडायची नाही, यावर दोघांचं एकमत झालं. बसनं तासाभरावरच्या एका गावात एक हौशी क्लब होता. तिथं त्याला खेळायला आणि लहान मुलांना शिकवायला घेतलं. त्या मैदानाला एका बाजूला कुंपणही नव्हतं. चेंडू रस्त्यावर गेला की बस थांबायच्या. आणि संध्याकाळी तो वाचनालयात मोठ्यांच्या भाषेच्या वर्गाला जायला लागला. तिथं हॉटेलात भांडी घासणारे होते, इमारती रंगवणारे होते, नातवंडं सांभाळायला आलेली एक आजी होती. बाकं मुलांची. खांब्याचे गुडघे टेबलाच्या वर यायचे. बाई कडक होत्या. चुकलं की सगळ्यांसमोर पुन्हा म्हणायला लावायच्या, आणि तो म्हणायचा.

पोपट त्याच्याशी बोलायची, पण कामापुरतं. तिचं ते अखंड वाजणारं तोंड घरात असताना मिटलेलं असायचं. त्याची कुठली फोनाफोनी ती करत नव्हती, आणि त्यानंही कधी सांगितलं नाही.

गुडघा दाखवायला तो पहिल्यांदा एकटा गेला. डॉक्टर हळू बोलले, त्यालाही बऱ्यापैकी समजलं. गुडघ्यातली गादी झिजून संपलीय. खेळणं थांबवायला हवं.

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

डॉक्टर जरा चकित झाले. "मागच्या वेळीच सांगितलं होतं की. मुलीनं सांगितलं नाही तुम्हाला?"

मागच्या वेळी पोपट म्हणाली होती, "बाबा, डॉक्टर म्हणतात तुझा गुडघा थकलाय, त्याला आराम हवाय." आणि तो हसला होता. बाहेर बाकावर बसून त्याला एकेक आठवायला लागलं. बँकेतला तो माणूस किती वेळ बोलला होता, आणि पोपटनं किती थोडं सांगितलं होतं. घरमालकाचा चढलेला आवाज. क्लबाच्या जेवणात त्याच्याकडे बघून हसलेली माणसं, आणि "काही नाही बाबा, दुसऱ्याच कुणाचं चाललंय." त्याच्या वाटणीचं सगळं ही पोर ऐकत होती. त्यातलं चांगलं तेवढं त्याच्या हातात देत होती, आणि उरलेलं स्वतःजवळ ठेवत होती. दवाखान्यातल्या नर्सनं त्याला दोनदा विचारलं, बरं वाटत नाहीये का?

हिवाळ्यात पोपटच्या शाळेत पालकांना बोलावलं होतं. बायकोला न नेता तो गेला; पोपट शेजारी खुर्चीवर बसली होती, हात मांडीखाली घेऊन. बाईंनी तिच्या गणिताचं सांगितलं, वाचनाचं सांगितलं. मग म्हणाल्या, वर्गात एक नवीन मुलगा आलाय, तिसऱ्या देशातला, त्याला इथली भाषा येत नाही. पोपटला त्याची भाषा येते, म्हणून तिला म्हटलं, थोडे दिवस त्याचं बोलणं आम्हाला सांग. तर ती चक्क नाही म्हणाली. असं ती कधी करत नाही.

खांब्या म्हणाला, "मी तिच्याशी बोलतो." तीन शब्दांचं वाक्य, आणि बरोबर होतं. बाईंनी मान हलवली.

घरी येताना रस्त्याच्या कडेला वितळलेलं बर्फ साचलं होतं. पोपट त्यातून मुद्दाम चालत होती.

"का नाही म्हणालीस?" त्यानं विचारलं.

"आज शाळेत सांगितलं की उद्या त्याच्या घरचे पण बोलावतील," ती म्हणाली. "आणि सांगायला लागलं की सगळं कळतं, बाबा. त्यांच्या घरातलं पण. मला नाही कळून घ्यायचं कुणाचं."

खांब्याही त्याच बर्फातून तिच्या शेजारी चालायला लागला.

"माझं चुकलं, पोपट," तो म्हणाला. इतक्या महिन्यांत तो हे तिला नीट कधी म्हणालाच नव्हता.

"माहितीये."

दोघं चालत राहिले. सिग्नलला माणसं उभी होती, त्यांच्या मागे तेही थांबले.

"बाई बोलल्या ते सगळं कळलं तुला?" तिनं विचारलं.

"जवळजवळ. एक शब्द नाही कळला. शेवटी तुझ्याकडे बघून म्हणाल्या तो."

"कोणता?"

त्यानं तो जमेल तसा उच्चारून दाखवला. पोपटनं नाक मुरडलं. उत्तर देऊ की नको, असा तिनं थोडा विचार केला.

"हट्टी," ती म्हणाली. "मला हट्टी म्हणाल्या त्या."

"चांगला शब्द आहे की वाईट?"

"वाईट," पोपट म्हणाली, आणि सिग्नल सुटल्यावर त्याच्या आधी रस्ता ओलांडून गेली.